तेर येथील लामतुरे संग्रह : कलामूल्य आणि संदर्भाचा प्रश्न

प्रस्तावना : धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर होय. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथील कापड भडोच बंदराकडे जात असे. या नगराच्या अवशेषांचा मोठा ठेवा तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविला. आज तो त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. प्रस्तुत लेखात या संग्रहाचे कलामूल्य व त्याची मर्यादा यांचा विचार केला आहे.

संग्रहाचे स्वरूप : सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेली मातीची पदके हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. केओलिन या पांढऱ्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या मूर्तींत केशरचना व अलंकार यांचे बारकावे विशेष लक्ष वेधून घेतात. संग्रहाचे भूषण असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी दाखविले जाते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्तीच्या काळाची खालची मर्यादा निश्चित होते.

मर्यादा : तेरच्या मूर्तीला मात्र असा आधार नाही. हा संग्रह प्रामुख्याने टेकाडांवरून व ग्रामस्थांकडून गोळा झालेला आहे. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या घरात वा कोणत्या वस्तूंसोबत होती, हे त्यावरून कळत नाही. परिणामी कालनिर्णय शैलीवर विसंबतो आणि तौलनिक पुरावा पाँपेई किंवा भोकरदन येथून आणावा लागतो. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेर येथे केलेल्या उत्खननामुळे थरांचा क्रम समजला. परंतु आधीच उचललेल्या वस्तूंना त्यांचा थर परत मिळत नाही. अर्थात, हा दोष लामतुरे यांच्या पदरी बांधणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी वेचले नसते, तर यातील बरेचसे शिल्लकच राहिले नसते.

निष्कर्ष : वस्तू वाचविणे आणि वस्तूचा संदर्भ वाचविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले एका व्यक्तीने निष्ठेने पार पाडले. दुसरे लातूर, देवणी, उदगीर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना आजही करता येण्यासारखे आहे. शेतात नांगराला लागलेल्या मूर्तीची जागा, खोली व दिनांक यांची साधी नोंद ठेवून पुरातत्त्व विभागास कळविले, तरी पुढील अभ्यासकाला केवळ शैलीवर विसंबावे लागणार नाही.