इंग्रजी ‘रन’ आणि आपली चाल

कोशातील एका नोंदीची समीक्षा करावी, हे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु ती नोंद एखाद्या ग्रंथाएवढे श्रम पोटात घेऊन बसलेली असेल, तर तिला समीक्षेपासून सूट का मिळावी? ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ या तीन अक्षरी शब्दाची नोंद नव्याने रचण्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे नऊ महिने गेले. निव्वळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा मान ‘सेट’कडे होता, आणि त्याचे अर्थ ४३० असल्याचे सांगतात.

या स्थित्यंतराचे कारण सायमन विंचेस्टर यांनी २०११ साली असे मांडले की, ‘सेट’ हा शब्द स्थिर, संथ जगाचा. ‘रन’ हा यंत्रांचा आणि धावपळीचा. आगगाड्या आल्या, कारखाने आले, संगणक आले, आणि जे जे सुरू असते ते ते इंग्रजीत धावू लागले. उपपत्ती आकर्षक आहे; पण मला ती अर्धीच पटते. यंत्रयुगाने या शब्दाचा संसार वाढविला, हे खरे. मात्र त्याच्या जुन्या मुळातच पळण्याबरोबर ‘वाहणे’ हाही अर्थ होता. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहण्यालाच लावतात. नदी, नाक, धुण्यात जाणारा कपड्याचा रंग, या साऱ्यांना इंग्रज ‘रन’च म्हणतो, आणि त्यासाठी त्याला वाफेच्या इंजिनाची गरज पडलेली नाही. शिवाय एका अर्थाचे दोन करावयाचे की दोहोंचा एक, हे शेवटी कोशकाराच्या विवेकावर असते. तेव्हा ६४५ हा आकडा मोजमाप जितका आहे, तितकाच तो अभिप्रायही आहे.

आपल्याकडे पाहावे तर मौज अशी, की इंग्रजी जेथे धावते तेथे मराठी बहुधा चालते. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, देवस्थानचा कारभार महाजन चालवितात. आणि संमती द्यावयाची तर ‘चालेल’. कोंकणीतही ‘चलता’ म्हटले की काम झाले. (क्रिकेटच्या धावेचा तेवढा अपवाद, तेथे आपणही धावलो.) निवडणुकीची गोष्ट तर फारच बोलकी आहे. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, विलायतचा ‘स्टँड’ करतो, आणि आपलाही उभाच राहतो. म्हणजे यंत्रयुगाची धाव सर्व इंग्रजीनेही सर्वत्र पत्करलेली नाही.

हे केवळ गमतीपुरते असते, तर मी लिहिले नसते. पण हा शब्द कोर्टात येतो. १९६३ च्या मुदत कायद्याचे नववे कलम सांगते की, काळ एकदा ‘रन’ होऊ लागला म्हणजे पुढे उद्भवलेली कोणतीही असमर्थता त्याला थांबवीत नाही. मागताच देय असलेल्या साध्या वचनचिठ्ठीवर दावा लावण्यास चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात. दुसऱ्या वर्षी धनकोला वेड लागले, तरी काळ थांबत नाही. याचे मराठी करताना ‘मुदत चालू झाली’ असे आपण सहज लिहून जातो. आता इंग्रज वाचकाला काळ धावतो आहे म्हटले की तो हातचा निसटतो आहे, असे वाटते. मराठी पक्षकाराला मात्र ‘मुदत चालू आहे’ म्हटले की अजून अवधी शिल्लक आहे, असा दिलासा मिळतो! वाक्य चूक नाही, कोशातील अर्थही बरोबर आहे. फक्त मनुष्य स्वस्थ बसतो आणि दावा मुदतबाह्य होतो. तेथे ‘मुदत सरू लागली’ असेच म्हणावयास हवे. ‘सरणे’मध्ये गतीही आहे आणि क्षयही आहे, जो इंग्रजी शब्दात केवळ संदर्भाने येतो.

उलट उदाहरणही आहे. दोन शिक्षा ‘कन्करंटली रन’ होतात, तेथे इंग्रजीत कर्ता शिक्षा आहे. कैदी वाक्यात कोठेच नाही. मराठीत आरोपीने त्या ‘एकत्र भोगावयाच्या’ असतात. भोगणारा माणूस कर्ता होऊन पुढे येतो. शब्दाला शब्द ठेवून शिक्षा धावविल्या असत्या, तर हा माणूस हरवला असता.

आपल्या ‘लागणे’ची अशी नोंद कोणी करील काय? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, आंबा झाडाला लागतो, मूल बोलू लागते, आणि जावेही लागते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीनंतर मराठीत कोश पुष्कळ झाले. परंतु एका क्रियापदासाठी नऊ महिने देण्याची ऐपत असलेली संस्था आणि तेवढा सवडीचा विद्वान, दोन्ही एकत्र यावे लागतील. आणि येथेही ‘लागणे’ आलेच.