दहा माणसं की वीस?

'आर' उघडा आणि त्यात आधीपासूनच असलेला 'स्लीप' हा डेटा घ्या. झोपेची दोन औषधं, दहा रुग्ण, आणि कुणाची झोप किती तासांनी वाढली याचे वीस आकडे. 'स्टुडंट'ने 1908 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हाच डेटा वापरला होता. पहिल्या औषधाने सरासरी वाढ 0.75 तास, दुसऱ्याने 2.33.

आता एका ओळीची नेहमीची टी-टेस्ट चालवा. पी-व्हॅल्यू येते 0.079. म्हणजे 0.05 च्या वर; 'फरक सिद्ध होत नाही' असं लिहून आपण मोकळे!

पण दोन्ही औषधं त्याच दहा जणांनी घेतली होती. जोडीने तुलना केली की पी-व्हॅल्यू 0.0028. ज्याला पहिल्या औषधाने जास्त झोप लागली, त्याला बहुधा दुसऱ्यानेही जास्तच लागली. माणसामाणसांतला हा फरक वजाबाकीत निघून जातो.

गणित दोन्ही वेळा बरोबरच आहे. माझा आक्षेप आहे तो डेटातल्या रकान्याच्या 'ग्रुप' या नावावर (ते दिशाभूल करू शकतं, अशी टीप खुद्द त्याच्या मदत-पानावर आहे), आणि त्याहून जास्त, नुसती पी-व्हॅल्यू बघून मार्क देणाऱ्या प्रॅक्टिकलवर. हाताने सोडवताना निदान 10 घ्यायचे की 20, इथे पेन अडतं. सॉफ्टवेअर कुठे अडतच नाही.

तशी आउटपुटमध्ये खूण असते. डिग्रीज ऑफ फ्रीडम: जोडीने केलं तर 9, नाहीतर 17.78. माझ्या पहिल्या असाइनमेंटमध्ये मी ते 17.78 पाहिलं होतं. 'राउंड' करून 18 लिहिलं.