ऐंशी डॉलरचा घोडा आणि ट्रकची फळी

फेब्रुवारी १९५६. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंड गावचा घोडेबाजार उठला होता. लाँग आयलंडहून निघालेला हॅरी डी लेयर वाटेत खोळंबला आणि पोचेपर्यंत बोली संपली. चांगले घोडे गेले होते. उरलेले खाटकाच्या ट्रकमध्ये चढले होते आणि ट्रक निघायच्या बेतात होता. हॅरीने फळ्यांच्या फटीतून आत डोकावलं, तर एक पांढुरका घोडा त्याच्याकडे बघत होता. मळलेला, खुरांची निगा नसलेला, छातीवर नांगराच्या पट्ट्याचे घट्टे पडलेला. हॅरीने ट्रकवाल्याला मागची फळी पुन्हा टाकायला लावली आणि घोडा खाली उतरवून घेतला. सौदा ऐंशी डॉलरला ठरला.

एलिझाबेथ लेट्स यांच्या ‘दि एटी-डॉलर चॅम्पियन’ या २०११ साली आलेल्या पुस्तकातली गोष्ट खऱ्या अर्थाने इथून चालू लागते. हा घोडा म्हणजे स्नोमॅन. दोन वर्षांनी, १९५८मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो नॅशनल हॉर्स शोचा ‘ओपन जंपर’ विजेता ठरला, आणि १९५९मध्ये पुन्हा एकदा. एवढं कळलं की गोष्टीचा शेवट हाती आलाच. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण लेट्स यांचं सगळं लक्ष जिंकण्यावर नाही. ते आहे घोडा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर: चढवणं, उतरवणं, रात्रभर त्याच्यापाशी बसणं, सकाळी खरारा करून मैदानात काढणं. वरवर वीररसाचं वाटणारं हे पुस्तक आतून वात्सल्याचं आहे, असं माझं मत आहे, आणि ते वात्सल्य ट्रकच्या त्या फळीवर सगळ्यांत जास्त दिसतं.

घोडा गाडीतून नेणं म्हणजे काय, हे ज्याने केलेलं नाही त्याला ही पानं थोडी लांबलेली वाटतील. प्रवासभर घोडा उभाच असतो. प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला पाच-साडेपाचशे किलोचा देह चार पायांवर तोलून धरतो. त्याला ओकता येत नाही, म्हणून पोट बिघडलं तर प्रकरण जिवावर बेततं. डोकं फार वेळ उंच बांधून ठेवलं तर श्वासनळीतली घाण खाली वाहून जात नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. परक्या गावचं पाणी कित्येक घोडे तोंडाला लावत नाहीत. अनोळखी, अंधाऱ्या खोक्यात पाऊल टाकायला तर अनेक जण साफ नकार देतात. शोच्या सकाळी फळीपाशी तास-तास चाललेली ओढाताण या खेळात नेहमीची. स्पर्धेची निम्मी शक्ती रस्त्यावरच खर्ची पडते. आपल्याकडच्या स्वारांना तर ही अडचण वेगळ्याच पातळीवर ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय विलगीकरणाच्या नियमांमुळे भारतातला घोडा परदेशी नेणं तेव्हा इतकं अवघड होतं, की २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणारा आपला संघ, ज्यात मुंबईचा हृदय छेडाही होता, युरोपात ठेवलेल्या घोड्यांवर खेळला.

म्हणून लेट्स पहिल्या प्रवासाला जी जागा देतात ती मला योग्य वाटते. खाटकाच्या ट्रकला ना पेंढ्याची गादी, ना आतून गुंडाळलेले कठडे; पोचेपर्यंत जगले की पुरे, या हिशेबाने त्यात जनावरं कोंबलेली. पुन्हा त्याच ट्रकमध्ये चढून घोडा लाँग आयलंडला सेंट जेम्सच्या छोट्या वाडीवर येतो. हॅरीची पोरं बर्फात उभी राहून बघतायत. फळी पडते, घोडा अडखळत उतरतो, पाठीवर हिमकण बसलेले, आणि पोरांकडून त्याला नाव मिळतं. दुसरी एखादी लेखिका इथे घोड्याच्या डोळ्यांत कृतज्ञता वगैरे बघून मोकळी झाली असती. लेट्स यांचं लक्ष अंगाकडे आहे: घट्टे, गुंता झालेली आयाळ, वाढलेले खूर. नंतर सविस्तर येते ती धुलाई, नालबंदी, खाऊपिऊ घालणं, आणि मग हा शांत घोडा नॉक्स स्कूल या मुलींच्या निवासी शाळेत नवशिक्यांच्या शिकवणीला लागतो. हॅरी तिथे घोडेस्वारीचा मास्तर होता. नेदरलँड्समधल्या सिंट-ओडेनरोडेहून १९५०मध्ये बायकोसह आलेला, आधी नॉर्थ कॅरोलायनात तंबाखूच्या शेतात राबलेला हा माणूस घोड्यांच्या जगात पगारी नोकर म्हणूनच शिरला होता. हे लेट्स विसरू देत नाहीत, आणि पुढच्या सगळ्या प्रसंगांना वजन येतं ते यामुळेच.

स्नोमॅनला उडी मारता येते हे कसं कळलं, तो भाग पुस्तकातला सर्वांत गमतीचा, आणि तोही प्रवासाचाच. हॅरीने घोडा जवळच्या एका डॉक्टरला दुप्पट किमतीला विकला. घोडा कुंपण ओलांडून परत. डॉक्टरने कुंपण उंच केलं, घोडा तरी परत. शेवटी त्याच्या दोरीला टायर बांधला, तर तो टायर फरफटत, शेतं तुडवत हॅरीच्या दारात हजर. हा त्याचा एकमेव प्रवास ज्यात त्याला कोणी चढवलं नाही, कोणी उतरवलं नाही. यावर भावुक होण्याची संधी लेट्स जवळजवळ सोडून देतात. त्यांचा भर हॅरीच्या धंदेवाईक डोक्यावर आहे: विकलेला माल परत आला म्हणजे नुकसान, पण एवढं उंच कुंपण ओलांडणारा माल म्हणजे काय? सरावाला घेतल्यावर आणखी एक गंमत. जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांना हा घोडा ठेचकाळायचा. दांडी उंच गेली की मात्र मागचे पाय आवळून असा उडायचा की बघणाऱ्याला हा तोच घोडा का, अशी शंका यावी.

या भागालगत सिन्जॉनची हकिगत येते. सिन्जॉन हा शर्यतीच्या मैदानातून आलेला थरोब्रेड, हॅरीच्या हाताखाली तयार झालेला. पण घोडा मालकाचा. मालकाने तो हॅरीच्या तबेल्यातून हलवला, आणि पुढे १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये जॉर्ज मॉरिस त्याच्यावर बसून अमेरिकन संघासाठी खेळला. त्या संघाला रौप्य मिळालं. मुंबईत महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबात शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे उड्या शिकताना ज्यांनी पाहिलेत त्यांना सिन्जॉन लगेच ओळखीचा वाटेल. लेट्स या हकिगतीचा वापर मोठ्या कौशल्याने करतात. चांगला घोडा गाडीत चढून दुसऱ्याच्या तबेल्याकडे निघतो तेव्हा मास्तरच्या हाती रिकामी दावण उरते. स्नोमॅनला पुढे मोठमोठे सौदे आले, लाखभर डॉलरचाही. हॅरीने ते नाकारले. सिन्जॉनचं प्रकरण आधी वाचलेलं असल्यामुळे त्या नकारात वाचकाला भाबडेपणा दिसत नाही.

आता १९५८चा मोसम. ईशान्य अमेरिकेत उन्हाळा म्हणजे उघड्या मैदानावरच्या शोंची रांग: एका गावचं मैदान आवरलं की घोडे गाडीत, आणि पुढच्या गावाला. या वर्तुळात श्रीमंतांचे घोडे, त्यांच्या गाड्या, त्यांचे मोतद्दार, भाड्याने ठेवलेले स्वार. हॅरीकडे यांपैकी काहीच नाही. चालक तो, मोतद्दार तो, स्वारही तोच, मदतीला बायकामुलं. त्या काळच्या नियमांत दांडी पडली तर दोष होताच, पण अनेक फेऱ्यांत पायाचा नुसता स्पर्श झाला तरी गुण कापले जात. त्यामुळे घोड्याने पाय जास्त आवळावेत म्हणून उडी घेताना त्याच्या पायांवर मुद्दाम बांबू हाणण्याची रीत होती, आणि ती चारचौघांत चाले. हॅरीचा मार्ग उलटा. स्नोमॅनच्या त्या वर्षांतल्या छायाचित्रांत लगाम सैल लोंबलेला दिसतो, हॅरीचे हात पुढे मानेकडे सोडलेले. घोड्याने स्वतःचं अंतर स्वतः मोजावं, एवढाच त्याचा आग्रह.

सँड्स पॉइंटच्या शोमधली रात्र मी या कहाणीचा गाभा मानतो. पहिल्या दिवसाअखेर स्नोमॅन अँडांटे या नामांकित घोड्याच्या बरोबरीने पुढे होता. मग एका उडीनंतर उतरताना त्याला स्वतःचाच खूर लागला. पाय सुजू लागला, आणि उद्या हा लंगडणार असं ठरल्यासारखंच होतं. मोठ्या मालकाने अशा वेळी दुसरा घोडा काढला असता, निदान पशुवैद्याच्या हवाली करून स्वतः जेवायला गेला असता. हॅरीने गाडीच्या जुन्या टायरची ट्यूब घेतली, तिचा एक तुकडा कापला, तो बाहीसारखा घोड्याच्या पायावर चढवला, खालून बांधला आणि वरून बर्फ भरला. बर्फ वितळला की पुन्हा भर. रात्रभर हेच. सकाळी सूज ओसरली होती. त्या दिवशी स्नोमॅनने अँडांटेला हरवलं.

या प्रसंगात टायरची ट्यूब आहे, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. डॉक्टरने घोडा अडवायला टायर बांधला होता; हॅरी घोडा उभा करायला टायरचीच ट्यूब कापतो. लेट्स यांनी हा धागा मुद्दाम ओवला की तो आपोआप जुळला, हे मला सांगता येणार नाही, आणि त्यांनी त्याकडे बोट दाखवलेलं नाही हेच बरं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला अडगळीतल्या वस्तूचा उपयोग सुचतो. तबेल्याचं मोठं बजेट असलेल्याला तो सुचत नाही, सुचायची गरजही पडत नाही. वर्गभेदावर पानंच्या पानं लिहून जे साधत नाही ते त्या बर्फ भरलेल्या रबरात साधलं आहे. जिंकल्याचं वर्णन एका दमात उरकतं. रात्र लांबते. हे प्रमाण बरोबर आहे.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला शेवट त्या मानाने मला फिका वाटला. नॅशनल हॉर्स शोचं ते पंचाहत्तरावं वर्ष, न्यूयॉर्कचे प्रतिष्ठित लोक, आठवडाभर रात्री रंगत जाणाऱ्या फेऱ्या, शेवटची बरोबरी आणि शेवटची उडी. हा सगळा माल तयार, आणि लेट्स तो तयार माल म्हणूनच मांडतात. वाक्यं आखूड होतात, श्वास रोखला जातो, टाळ्या पडतात. यात नवं काही नाही. त्याहून खटकतात त्या मधूनमधून येणाऱ्या शीतयुद्धाच्या नोंदी: स्पुतनिक, उपनगरं, टीव्हीसमोर बसलेली कुटुंबं, थकलेला देश आणि त्याला धीर देणारा घोडा. पुस्तकाचं उपशीर्षकच देशाला प्रेरणा देणाऱ्या घोड्याचं आहे. पण देशाला कोणत्या घोड्याने काय दिलं, हे सिद्ध करण्याचा भार त्या अंगावर का घेतात कळत नाही. स्नोमॅनला राष्ट्राची गरज नव्हती. त्याला चंदी, पाणी आणि पाठीवर पोरं हवी होती. लाइफ मासिकात छापलेल्या छायाचित्रांत तो पाण्यात पोहतोय आणि पाठीवर हॅरीची पोरं आहेत. एवढं पुरतं.

रॉन डेव्हिस यांचा २०१५चा ‘हॅरी अँड स्नोमॅन’ हा माहितीपट याच कहाणीची दुसरी बाजू दाखवतो. त्यात म्हातारा हॅरी स्वतः बोलतो, पण मुलंही बोलतात. दर आठवड्याला गाडी भरून निघणाऱ्या घराने काय सोसलं, हे त्यांच्या बोलण्यातून कळतं. पुस्तकातला वत्सल बाप घोड्यांच्या नादात घरी किती उरत होता, हा प्रश्न माहितीपट विचारतो आणि त्याचं उत्तर पुस्तकापेक्षा कडू येतं. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. सँड्स पॉइंटची रात्र तशीच खरी राहते. त्या रात्री घरी कोण जागत होतं, हे फक्त माहितीपटातून कळतं.

स्नोमॅन १९६२मध्ये गार्डनमध्येच समारंभाने निवृत्त झाला, १९७४मध्ये गेला, आणि १९९२मध्ये त्याला शो जंपिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. हॅरी २०२१पर्यंत जगला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन: शीतयुद्धाची पानं भरभर उलटली तरी चालतील, सँड्स पॉइंट मात्र सावकाश वाचा. आणि आधी पुस्तक वाचा, माहितीपट नंतर बघा. उलट क्रमाने गेलात तर हॅरीवर रागवून बसाल आणि पुस्तकातली अर्धी माया तुमच्या पदरात पडणार नाही.