कोणत्या बँडसाठी घराबाहेर पडावं?

बेळगावात बँड म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतो तो लग्नाच्या वरातीतला. लाल कोट, चकचकीत पितळी वाद्यं आणि नवरदेवाच्या मित्रांच्या फर्माइशी. त्यानंतर आठवतो तो मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधला, संचलनाचा. मी आज लिहिणार आहे ते तिसऱ्या तऱ्हेच्या बँडविषयी. चार-सहा जण, गिटार, ड्रम, एखादं व्हायोलिन आणि स्वतः बांधलेली किंवा संतांकडून उसनी घेतलेली गाणी. हे बँड आमच्या घरांत मुलांच्या फोनमधून शिरले आणि ऐकता ऐकता आम्हा आयांच्याही तोंडी बसले. मग प्रश्न येतो तो असा, की फोनवर फुकट मिळणारं गाणं तिकीट काढून, परगावी जाऊन ऐकावं असं कोणत्या बँडमध्ये असतं, आणि कोणत्या बँडमध्ये नसतं?

तरुण मुलांना हा प्रश्न पडत नाही. मित्र निघाले की ती निघतात. आपल्याला पडतो, कारण आपली संध्याकाळ महाग असते. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, सकाळचं दूध कोण घेणार ते ठरवायचं, परतीच्या गाडीची सोय बघायची. एवढं सगळं करून गेलं आणि घरी ऐकलं तेच तिथे दसपट आवाजात ऐकू आलं, तर काय उपयोग?

आणखी एक आहे. आपण बायका जन्मभर गाणी ऐकतो ती हाताला काम असताना. विविध भारती लागलेली आणि हात कणकेत. गाण्याचं पहिलं कडवं ऐकायचं, दुसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी. रिकाम्या हातांनी, एका जागी बसून, दोन तास फक्त ऐकणं ही गोष्ट आपल्या वाट्याला किती वेळा येते, मोजून बघा. म्हणून ती संध्याकाळ कुणाला द्यायची, हे नीट पारखून घ्यायला हवं.

काय टाळायचं ते आधी सांगते. आमच्याकडे एका सभागृहात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता. गायिकेला गाता गाता ठसका लागला. तिनं माइक खाली घेतला, तोंडाला रुमाल लावला आणि गाणं आपलं चालूच! तिच्याच आवाजात, तालासुरात. आमच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ठसक्यापेक्षा तिला त्या न थांबलेल्या आवाजाचाच त्रास जास्त झाला असेल. हल्ली बऱ्याच कार्यक्रमांत मागे तयार ट्रॅक वाजत असतो. थोडा आधार म्हणून तो असायला माझी हरकत नाही. पण समोरच्या माणसाला ठसका लागला तरी ज्या गाण्याचं काहीच बिघडत नाही, त्या गाण्याला समोरच्या माणसाची गरज नाही. आणि त्याला त्याची गरज नसेल, तर आपली तरी कुठून असणार?

माझी पहिली कसोटी यातूनच आली. बँड एकमेकांकडे बघून वाजवतो का? दिल्लीचा 'इंडियन ओशन' या बाबतीत आपल्या देशातला वडीलधारा बँड म्हणायला हवा. १९९० पासून तो वाजवतो आहे. त्यांचा १९९७ सालचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम तर प्रत्यक्ष कार्यक्रमातच ध्वनिमुद्रित केलेला आहे. स्टुडिओत बसून, चुका पुसून, थरावर थर चढवून तो केलेला नाही. तो ऐकताना कळतं, की या लोकांची गाणी ठरलेल्या मिनिटांत मावणारी नाहीत. गिटारनं एक वळण घेतलं की तबला थोडा थांबतो, ऐकतो आणि मग बोलतो. सुस्मित सेन यांची गिटार ऐकून मला कितीदा सतारीचा भास झाला आहे. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. हात एका लयीत, गळा दुसऱ्या लयीत. ड्रमवरचे अमित किलाम मध्येच बंगालच्या बाउलांची गबगुबी हातात घेतात. म्हणजे वाद्यं इकडची-तिकडची, पण संवाद आपल्या मैफलीतल्यासारखा, सवाल-जबाबाचा.

२००० साली आलेला त्यांचा 'कंदिसा' घरोघर पोचला. त्यातलं शीर्षकगीत ही केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे, आणि 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत. राहुल राम हे त्यांचे बास गिटार वाजवणारे गायक नर्मदा बचाव आंदोलनात होते, त्यामुळे ते गाणं त्यांच्याकडे पुस्तकातून आलेलं नाही. नर्मदाकाठची माणसं, बुडणारी गावं पाहिलेल्या माणसाच्या गळ्यातून ते येतं. इंदूरकडच्या आपल्या मैत्रिणींना नर्मदेचं पाणी नळातून येतं, त्यांना तर हे गाणं वेगळंच ऐकू यायला हवं.

२००९ च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती गेले. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. मग उरलेल्यांनी नवे साथीदार घेऊन तीच गाणी वाजवली, तर तो बँड तोच म्हणायचा का? मी त्यांना ऐकलं ते या सगळ्यानंतर, पुण्यात लेकीकडे गेले होते तेव्हा. जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज कानात घेऊनच मी बसले होते. नव्या गायकानं जुन्या आवाजाची नक्कल केली असती तर मी मध्यंतरात उठले असते. त्यानं ती केली नाही. 'मा रेवा' सुरू झालं ते ओळखीच्या चालीत, पण मधला विस्तार वेगळाच झाला, लांबला, आणि एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबून फक्त आवाज उरला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. घराण्याचं गाणं गुरू गेल्यावर चालतं ते असंच. चीज तीच, श्वास आपला. तेव्हा माझी दुसरी कसोटी ही, की तेच गाणं आज वेगळं होतं का? आणि तिसरी त्याच क्षणी मिळाली. या लोकांना हळू वाजवता येतं का? मोठा आवाज यंत्र देतं. शांतता ज्याची त्याला कमवावी लागते.

याच बँडचा २०१४ चा 'तंदानू' मला तितका लागला नाही. प्रत्येक गाण्यात एकेक थोर पाहुणा: शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट. पाहुणे मातब्बर, पण घरात सारखे पाहुणे असले की घरच्यांचं आपसातलं बोलणं ऐकू येत नाही, तसं होतं. ऐकायला गोड अल्बम आहे. पण या बँडसाठी तिकीट काढावं असं ज्यामुळे वाटतं, ते त्यात कमी आहे.

आता आपल्या भागाकडे येते. म्हैसूरच्या रघु दीक्षित यांचा बँड कन्नडमध्ये गातो, आणि त्यांची सगळ्यांत गाजलेली गाणी कुणाची? शिशुनाळच्या शरीफसाहेबांची. १८१९ ते १८८९ हा त्यांचा काळ, गाव आताच्या हावेरी जिल्ह्यातलं, जन्म मुसलमान घरातला आणि गुरू गोविंदभट्ट. आपल्या घरांत एक पाय मराठीत आणि एक कन्नडमध्ये असतो. शरीफांची पदं आपण भजनी मंडळात, जत्रेत, शेजारच्या अज्जीकडून ऐकलेली असतात. ती पदं गिटारवर ऐकताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दीक्षित पायात घुंगरू बांधून, रंगीत लुंगी नेसून गातात. भरतनाट्यम शिकलेला माणूस आहे, त्यामुळे लय नुसती हातात नाही, अख्ख्या अंगात असते. कन्नडचा गंधही नसलेल्या लोकांकडून ते ओळी म्हणवून घेतात. २००८ चा त्यांचा पहिला अल्बम चांगला आहेच, पण तो ऐकणं म्हणजे लग्नाची कॅसेट बघण्यासारखं. प्रत्यक्ष मांडवात असणं वेगळं.

तरी एक शंका मनात राहतेच. 'गुडगुडिया सेदि नोडो' हे पद हुक्क्याचं. शरीफांनी हुक्क्याचं रूपक करून देहाबद्दल, विकारांच्या धुराबद्दल सांगितलं आहे. ते हसत हसत सांगतात, पण सांगतात ती विरक्तीच. बँडच्या ठेक्यावर हजार माणसं उड्या मारतात तेव्हा हसू उरतं, विरक्ती उडून जाते. यात गायकाचा दोष किती आणि उड्या मारणाऱ्यांचा किती, हे मला ठरवता येत नाही. पण जिला पदाचा अर्थ माहीत आहे तिला ही उणीव लगेच जाणवते.

हाच प्रश्न कबीर आणि तुकाराम गाणाऱ्या बँडांनाही विचारायला हवा. मुंबईचा 'नीरज आर्याज कबीर कॅफे' माळव्याच्या प्रह्लादसिंह टिपानियांच्या वळणानं कबीर गातो. टिपानियांच्या हातात तंबुरा आणि करताल, मागे ढोलक. एवढ्यावर त्यांचा कबीर उभा राहतो, कारण शब्द पुढे असतो. आणि माळव्याचा कबीर म्हटलं की आपल्याला दुसरं नाव सांगावं लागत नाही. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते आपल्या सुळेभावीला, बेळगावच्या उंबऱ्यावर. पुढे देवासला आजारपणात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं कानांत साठवली, आणि नाथपंथी जोग्यांच्या निर्गुणी भजनांनी तर त्यांचं गाणंच बदललं. ज्यांनी ते निर्गुण ऐकलं आहे त्यांना नवा कबीर सहजी पटत नाही. पण तुलना करायची ती आवाजाची नको. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, एवढंच बघावं. 'कबीर कॅफे'त गिटारचा ठेका हलका असतो तिथे तो पोचतो.

मराठीत 'अभंग रिपोस्ट' हा तरुणांचा बँड अभंग गातो, बास गिटार आणि ड्रम घेऊन. आमच्या वयाच्या काही जणी नाव ऐकूनच नाक मुरडतात. मला विचाराल तर अभंगाला ठेका नवा नाही, वारीत तो पायांनीच धरतात. टाळ-मृदंगाच्या जागी ड्रम आला म्हणून तुकोबा बाटत नाहीत. बघायचं ते एवढंच, की धृपद परत परत येतं तेव्हा दर वेळी त्याचा भार वाढतो का, की नुसता आवाज वाढतो? भजनात बसणाऱ्या कुठल्याही बाईला हा फरक शिकवावा लागत नाही.

आता व्यवहाराचं थोडं. बँड ठरवताना त्यांचा सजवलेला व्हिडिओ बघू नका. कुठल्या तरी कार्यक्रमाचं अख्खं, न कापलेलं चित्रण शोधा. एकच गाणं दोन वेगवेगळ्या वर्षांतलं लावा. दोन्ही तंतोतंत सारखी निघाली तर घरीच ऐका, पैसे वाचतील. शक्य तोवर खुर्च्यांचं सभागृह निवडा. पुण्यात २०१० पासून सुरू झालेल्या 'एनएच सेव्हन वीकेंडर'सारख्या मैदानी महोत्सवांत एका दिवसात पुष्कळ बँड ऐकायला मिळतात, पण तास न् तास उभं राहायचं ते पंचविशीच्या गुडघ्यांनी. सभागृहात पुढच्या रांगेचा हव्यास नको. मधोमध, ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस बसतो त्याच्या आसपास बसा. तो स्वतःच्या कानांनी जे ऐकून जुळवतो तेच तुम्हालाही ऐकू येतं. आपल्याकडे असे बँड क्वचित येतात, आले तरी कॉलेजांच्या महोत्सवांत. त्यापेक्षा पणजी, पुणे, बंगळूर, हैदराबाद इथे लेकीबाळी असतातच की. त्यांच्याकडे जायचं ते दिवाळी-बाळंतपणालाच, असा कुणी कायदा केलेला नाही.

"आता आपलं काय वय आहे का त्या गर्दीत जायचं?" असं माझ्या भिशीतली एक मैत्रीण म्हणाली. तिला शरीफांची पदं तोंडपाठ आहेत, आईकडून आलेली. मी तिला म्हटलं, अगं, तुझंच तर वय आहे. हे बँड जे गातात ते नवं नाही. नर्मदेचं गाणं, कबीर, तुकोबा, शरीफ, हे सगळं घराघरांतल्या बायकांनी जात्यावर, पाळण्यापाशी, भजनात जपून ठेवलं म्हणून त्यांच्या हाती लागलं. आज ती गाणी ऐकणाऱ्या गर्दीत शब्द माहीत असलेली माणसं सगळ्यांत कमी असतात. चुकलेला शब्द ओळखणारं, अर्थ सांडला तर हळहळणारं कुणी समोर नसेल, तर गाणाऱ्यानं तरी तो कुणासाठी सांभाळायचा? मैफलीत जाणकार श्रोता पहिल्या रांगेत बसलेला असला की गवई जपून गातो. बँडलाही तसा श्रोता हवा असतो, आणि तो पंचविशीतलाच असला पाहिजे असं कुठे लिहिलं आहे?

म्हणून माझं सांगणं एवढंच. वर्षातून एक संध्याकाळ काढा. जो बँड एकमेकांकडे बघून वाजवतो, तेच गाणं आज वेगळं करतो, ज्याला थांबता येतं आणि ज्याच्या गोंगाटातूनही शब्द ऐकू येतो, त्याला ती द्या. आवडलं तर मनापासून दाद द्या. शब्द चुकला तर कार्यक्रम संपल्यावर पुढे जाऊन तसं सांगा. पोरं ऐकून घेतात हो. आजवर त्यांना सांगायलाच कुणी गेलेलं नाही.