खोताचा वाडा आणि माहीमची खाडी

कोंकणच्या कादंबरीविषयीं बोलतांना आमच्या टीकाकारांस दोन शब्द फार प्रिय आहेत: 'प्रादेशिक' आणि 'निसर्गवर्णन'. पहिल्यानें पुस्तकाचें कपाट ठरतें, दुसऱ्यानें परीक्षेंतला प्रश्न. मलकापुरास बसून अशा कादंबऱ्या शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, आणि हे दोन्ही शब्द आम्हीहि फळ्यावर पुष्कळ वेळां लिहिले, हें आधींच कबूल केलेलें बरें.

आमचें गांव समुद्राचें नव्हे. येथली कडवी वारणेला मिळते आणि आमचें पाणी कृष्णेबरोबर पूर्वसमुद्राकडे जातें. पण आंबा घाटाचा माथा ओलांडला कीं तोच पाऊस काजळी नदीच्या वाटेनें रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीस पोंचतो. घाट उतरणाऱ्यास खालचा मुलूख पावसाळ्यांत सगळाच हिरवा दिसतो, आणि फसगत होते ती येथेंच. भाताचें खाचर हिरवें, काजूची लागवड हिरवी, खाडीकांठचें तिवराचें रानहि हिरवें. परंतु एक जाऊन त्या जागीं दुसरें आलें तर त्या गांवाचें काय झालें, हें 'हिरवेंगार' ह्या विशेषणानें कधींच कळत नाहीं.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. जगबुडी नदीच्या कांठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उदय व ऱ्हास तींत आहे. तिची जी वाखाणणी झाली ती यथार्थच आहे. ती येथें पुन्हां करीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं पेंडशांची दृष्टि वाड्यावर खिळलेली आहे, आणि आम्हां टीकाकारांची तर वाड्याबाहेर पडतच नाहीं. खोत म्हणजे केवळ वाड्यांतला उन्मत्त पुरुष नव्हे. गांवच्या जमिनीचा वसूल त्याच्या हातीं. वरकस डोंगरावर नाचणी कोणी करावी, राबासाठीं डहाळ्या कोणी तोडाव्या, ह्यांतहि त्याचा शब्द चाले. खोती नाहींशी करणारा कायदा १९४९ चा. तो रास्तच होता, व खोतीसाठीं अश्रु ढाळण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु जुन्या सत्तेबरोबर जुनें कामहि गेलें कीं राहिलें, हा प्रश्न निराळा.

खारजमिनीचेंच पाहा. खाडीच्या कांठीं मातीचा बांध घालावयाचा, भरतीचें पाणी बाहेर अडवावयाचें, पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे बाहेर सोडावयाचें, आणि कांहीं पावसाळ्यांनीं मीठ धुऊन निघालें म्हणजे आंत भात लावावयाचें. ही जमीन समुद्रानें दिलेली नव्हे. ती त्याच्याकडून दरवर्षीं उसनी घ्यावी लागते. खेकड्यानें बांधांत बीळ केलें तर तें त्याच हंगामांत बुजवावें लागतें, नाहींतर एखाद्या उधाणाला सगळें आवार खाऱ्या पाण्याखालीं जातें. कुलाबा जिल्ह्यांत पूर्वीं बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे आणि त्याबद्दल तो कुळांकडून बिघ्यामागें भात घेई. १९४८ च्या खारजमीन कायद्यानें सरकार ह्या कामांत शिरलें. पण बांध सरकारचा असो वा खोताचा, चिखल उचलण्यास माणसें लागतात. आणि माणसें तर मुंबईस चाललीं होतीं.

मुंबईंत खाडीच्या भरावावर ज्या वस्त्या वाढल्या, त्यांकडे मधु मंगेश कर्णिकांच्या 'माहीमची खाडी' (१९६९) ह्या कादंबरीनें मराठी वाचकाचे डोळे वळविले. अशा वस्तींत सगळेच कोंकणी नसतात, हें खरें. पण कोंकणी माणूसहि त्यांत असतो. कर्णिकांची सहानुभूति अस्सल आहे. मात्र ती सर्व माणसांस मिळते, आणि खाडी हें घाणीचेंच दुसरें नांव होऊन बसतें. खाडी म्हणजे भरतीचें व पावसाचें पाणी सामावून घेणारी जागा, तेथें तिवराच्या मुळांशीं मासळीचीं पिलें वाढतात, हें पुस्तक मिटल्यावरहि वाचकाच्या मनांत येत नाहीं. आणि ती बुजविली ती कांहीं एकट्या झोपडीवाल्यांनीं नव्हे. १९७७ नंतर मिठी नदीच्या कांठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां मिठीच्या पाण्यास पसरावयास पूर्वींची जागा उरली नव्हती.

हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं तर एकाच हकीकतीचीं दोन टोंकें हातीं येतात. बांधावरचा एक हात कमी झाला, खाडीवर एक झोपडी वाढली. टीकेनें मात्र एकीस 'प्रादेशिक' व दुसरीस 'झोपडपट्टीची' म्हणून निरनिराळ्या कपाटांत ठेवलें. कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे सात-बाराचा उतारा नव्हे. मान्य. पण वाड्याच्या तुळईचें लांकूड कोणतें हें लेखकानें सांगितलें तर आपण त्यास सूक्ष्म निरीक्षण म्हणतों, आणि शेताचें पुढें काय झालें हें विचारलें कीं तें विषयांतर ठरतें, हें चमत्कारिक आहे.

फुटलेल्या बांधांच्या आंत आज ठिकठिकाणीं तिवर माजलें आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं तिवराच्या तोडीस मनाई केली, आणि मुंबईची कथा ठाऊक असणारा कोणीहि तिला नांवें ठेवणार नाहीं. परंतु ज्याच्या आजानें तेथें भात लावला, त्यास ती जमीन पुन्हां लागवडीखालीं आणणें आतां फार अवघड झालें आहे. डोंगरउतारावर १९९० च्या फळबाग योजनेनंतर नाचणी-वरीच्या जागीं आणि मिश्र रानाच्याहि जागीं आंबा-काजूच्या ओळी आल्या. त्यांनीं घरांत पैसा आणला, तोहि नाकारून चालणार नाहीं.

घाटाखालच्या एका विद्यार्थ्यानें निसर्गवर्णनावरील प्रश्नाच्या उत्तरांत एकदां लिहिलें होतें कीं त्याच्या घरच्या खाचरांत आतां तिवर आहे, व आजोबा तिकडे जात नाहींत. आम्हीं त्याखालीं तांबड्या शाईनें 'विषय सोडून' असा शेरा मारला. यंदा ह्या दोन्ही कादंबऱ्या वर्गांत एकापाठोपाठ वाचावयाचा आमचा विचार आहे. त्यांवर प्रश्न कोणता घालावा, तें मात्र अद्याप ठरलें नाहीं.