सर्वंकष सत्ता : श्रद्धा, धाक आणि उच्चार

सर्वंकष सत्तेच्या विवेचनात सामान्यतः दोन गृहीतके आढळतात. एकानुसार अशी सत्ता दहशतीवर उभी असते. दुसऱ्यानुसार ती प्रचाराने भारलेल्या जनतेच्या श्रद्धेवर टिकते. जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) ह्या कादंबरीने ही दोन्ही गृहीतके वाचकांच्या मनात दृढ केली आहेत. तीत कोठडीतला छळ आहे आणि छळाअंती नायकाच्या मनात सत्ताधीशाविषयी उपजलेले प्रेमही आहे. व्हिक्टर क्लेम्पररचा 'एलटीआय' (१९४७) हा ग्रंथ आणि वाक्लाव हावेलचा 'सत्ताहीनांची सत्ता' (१९७८) हा निबंध ह्या कादंबरीशेजारी ठेवून वाचले, तर मात्र तिसरी शक्यता पुढे येते. सत्तेला नागरिकाच्या अंतःकरणापेक्षा त्याच्या उच्चाराची गरज अधिक असते.

सत्ताप्राप्तीच्या टप्प्यावरच हे दिसू लागते. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला तो राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने केलेल्या नियुक्तीने. संसदभवनाला लागलेल्या आगीनंतर, २८ फेब्रुवारीला, नागरी स्वातंत्र्ये स्थगित झाली ती जनता व राज्य ह्यांच्या संरक्षणाच्या नावाने काढलेल्या अध्यादेशाने. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे सोपविला. त्या कायद्याच्या शीर्षकातही जनतेच्या संकटनिवारणाचीच भाषा होती. सभागृहात गणवेशधारी तुकड्या उभ्या होत्या. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात, भूमिगत वा परागंदा होते. दहशत होतीच, पण तिलाही कायद्याचा शब्द हवा होता. वायमार संविधान पुढेही औपचारिकरीत्या रद्द केले गेले नाही. चिन्हक जागच्या जागी ठेवून चिन्हित काढून घेण्याची ही प्रक्रिया होय.

ह्या प्रक्रियेचा दैनंदिन स्तर क्लेम्पररने टिपला. ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषासाहित्याच्या ह्या प्राध्यापकाला ज्यू वंशामुळे १९३५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर रोजनिशी हेच त्याचे अभ्यासक्षेत्र झाले. अठराव्या शतकातील विवेकवादी लेखनात निंदाव्यंजक असलेले 'फानाटिश' (माथेफिरू) हे विशेषण नाझी वापरात स्तुतिवाचक कसे बनले, ह्याचे त्याने केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. परंतु त्याहून अस्वस्थ करणारे निरीक्षण असे की, राजवटीचे विरोधक आणि प्रत्यक्ष छळ सोसणारे ज्यूही नकळत तीच भाषा बोलू लागले होते. शब्द जिभेवर येण्यासाठी मनाची संमती लागली नाही. पुनरावृत्ती पुरेशी ठरली.

येथे ऑर्वेलच्या 'न्यूस्पीक'ची मर्यादा स्पष्ट होते. ती शब्दसंख्या घटवून विचारच अशक्य करू पाहणारी, तज्ज्ञांनी रचलेली भाषा आहे. क्लेम्पररच्या जर्मनीत अशी नवी भाषा रचावी लागली नाही. जुन्याच शब्दांचे मूल्य पालटले. कादंबरीचे 'न्यूस्पीक'विषयक परिशिष्ट भूतकाळात लिहिलेले आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. ही भाषायोजना यशस्वी झाली काय, ह्याविषयी संहितेच्याच पोटात शंका असावी, असे ह्यावरून म्हणता येते.

सत्ता टिकते कशी, ह्याचे उत्तर हावेलच्या भाजीविक्रेत्यात सापडते. तो कांदे-गाजरांमध्ये जगातील कामगारांना एक होण्याचे आवाहन करणारा फलक लावतो. ते आवाहन त्याला पटलेले नसते आणि गिऱ्हाईक ते वाचतही नाही. फलकाचा वाच्यार्थ निकामी झालेला असतो. उरतो तो 'मी आज्ञाधारक आहे' एवढा संकेत. पण प्रत्येकाच्या अशा फलकांतूनच दुसऱ्यावर दडपण आणणारे वातावरण तयार होते. शासक आणि शासित ह्यांच्यातील सीमारेषा म्हणूनच प्रत्येक व्यक्तीच्या आतून जाते. एक फलक उतरविणाऱ्यालाही शिक्षा का होते, हे ह्यावरून उलगडते.

ही मांडणी सरसकट लागू करता येणार नाही. हावेल स्वतःच्या समाजाला 'उत्तर-सर्वंकष' म्हणतो; जेथे छळछावण्या आहेत, तेथे दहशत दुय्यम मानणे हा बळी पडलेल्यांवर अन्याय ठरेल. क्लेम्परर वाचला तो भाषाविवेकामुळे नव्हे. त्याची पत्नी 'आर्य' गणली गेली आणि फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावाच्या गोंधळात त्याला निसटता आले, म्हणून.

त्याचे उत्तरायुष्य ह्या विवेचनाची खरी कसोटी पाहते. नाझीवादाचा सर्वांत निर्धाराचा विरोधक म्हणून त्याने १९४५ मध्ये कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला; पुढे तो पूर्व जर्मनीच्या लोकसभागृहाचा सदस्य झाला. नव्या राजवटीच्या भाषेचे जुनीशी असलेले साम्य त्याला जाणवले होते आणि त्याच्या नोंदी त्याने केल्याही; पण त्या रोजनिशीत राहिल्या व त्याच्या मृत्यूनंतर (१९६०) कित्येक वर्षांनी प्रकाशित झाल्या. सत्तेच्या भाषेचा हा मर्मज्ञ अखेर हावेलच्या भाजीविक्रेत्याशेजारी उभा दिसतो. ह्यात त्याची निर्भर्त्सना अभिप्रेत नाही. भाषेचे अचूक विश्लेषण करता येणे आणि त्या भाषेला जाहीर नकार देणे ह्या दोन भिन्न कृती आहेत, एवढेच ह्यातून निष्पन्न होते. समीक्षेला पहिलीचा अधिकार सहज मिळतो. दुसरीची जबाबदारी मात्र तिला प्रत्येक वेळी नव्याने पत्करावी लागते.