विटाळलेला हात आणि कन्फ्यूशिअसची नीती

जपान, दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर या देशांची भरभराट झाली तेव्हा तिचे श्रेय कन्फ्यूशिअसला देण्याची एक टूम निघाली. वडीलधाऱ्यांचा मान, कुटुंबनिष्ठा, शिस्त, शिक्षणाची ओढ या मूल्यांमुळेच हे देश पुढे गेले असे सांगण्यात येऊ लागले. सिंगापूरच्या सरकारने तर १९८० नंतरच्या दशकात शाळांतून कन्फ्यूशिअन नीती हा विषयच शिकवायला घेतला. गंमत अशी, की चीनमध्ये भांडवलशाही का वाढली नाही याचे एक कारण मॅक्स वेबरने याच मूल्यांत शोधले होते! खुद्द चीनमध्ये १९७३-७४ साली कन्फ्यूशिअसविरुद्ध मोहीम चालली आणि २०१३ साली राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग छूफू या त्याच्या जन्मगावी जाऊन त्याचा गौरव करून आले. सत्तेच्या सोयीप्रमाणे त्या म्हाताऱ्याचा भाव असा वर-खाली होत असतो. मात्र ज्यांच्या पाठीवर या मूल्यांचे ओझे होते त्या माणसांना ती कशी दिसली, हे विचारण्याची गरज या पंडितांपैकी फारच थोड्यांना वाटली.

लू शुन (१८८१-१९३६) या चिनी लेखकाला ती वाटली. त्याची 'वेड्याची रोजनिशी' (१९१८) सर्वत्र उल्लेखिली जाते. इतिहासग्रंथाच्या ओळींमधून वेड्याला माणसे खाण्याची आज्ञा दिसते, ही तिची कल्पना जबरदस्त आहे. तरीही मला १९२४ ची 'नववर्षाचा नैवेद्य' ही कथा अधिक मोलाची वाटते. वेड्याची कथा रूपकातून बोलते. या कथेत एका मोलकरणीचा हात आहे आणि तो कुठे लागू द्यायचा नाही एवढाच प्रश्न आहे.

तिला सगळे 'श्यांगलिनची बायको' म्हणतात. तिचे स्वतःचे नाव कुणी विचारलेले नाही. नवरा मेल्यावर ती सासरहून पळून येऊन लू काकांच्या वाड्यात कामाला राहते, पुरुषाच्या वर राबते आणि वर्षअखेरच्या पूजेची सगळी तयारी एकटी उरकते. मग सासू तिला नदीकाठावरून जबरीने उचलून नेते, तिची साठलेली मजुरी खिशात घालते आणि डोंगरातल्या एका माणसाला तिला विकते. त्या पैशातून धाकट्या दिराचे लग्न होते. दुसरा नवरा तापाने जातो, पोर लांडगा नेतो, दीर घर ताब्यात घेतो. ती पुन्हा लू काकांच्या दारात उभी राहते. हात तेच, काम तेच. पण आता ती दोन नवऱ्यांची झाली आहे. काका बजावतात, हिला कामाला ठेवा, पण नैवेद्याला हात लावू देऊ नका, पूर्वज तो घेणार नाहीत. ती सवयीने वाट्या-काड्या मांडायला जाते आणि मालकीण तिला घाईघाईने थांबवते.

मराठी वाचकाला इथे टीप लागत नाही. 'विटाळ' हा शब्द आपोआप ओठांवर येतो.

पुढे दुसरी एक मोलकरीण तिला भय घालते. मेल्यावर दोन्ही नवरे भांडतील आणि यमराजा तुला करवतीने चिरून वाटून देईल! उपाय एकच : भूमिदेवाच्या देवळाला एक उंबरठा दे, हजारो पाय तो तुझ्याऐवजी तुडवतील. ती साठवलेली मजुरी घालून उंबरठा देते. (उंबरठा म्हटला की आपल्याला पंढरीच्या महाद्वारासमोरची चोखोबाची समाधी आठवते, ते आठवणे अगदीच गैर नाही.) हिवाळी पूजेच्या दिवशी ती हलक्या मनाने पूजेच्या भांड्यांकडे जाते. मालकीण पुन्हा ओरडते. चटका बसावा तसा तिचा हात मागे येतो आणि तिथेच ती संपते. पुढे नुसती भीक आणि मरण. काकांना राग येतो तो तिने नेमका सणाचा मुहूर्त गाठला याचा.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. हे मूळ कन्फ्यूशिअसचे नव्हे, नंतरच्यांचे आहे. करवतीचा नरक त्याचा नाही हे खरे. तो लोकांत रुळलेल्या बौद्ध समजुतींतून आला आहे आणि भय घालणारी ती बाई शाकाहाराचे व्रत पाळणारी भाविक आहे, हे आपण बौद्धांनीही लपवू नये. विधवेच्या उपासमारीपेक्षा तिचा शीलभंग भयंकर, हा दंडक अकराव्या शतकातल्या चेंग यी या पंडिताचा. पण काका त्याच परंपरेचे अभ्यासक आहेत. श्यांगलिनच्या बायकोची गाठ मूळ ग्रंथाशी पडत नाही, काकांशी पडते. बाप, नवरा, मुलगा या तिघांच्या आज्ञेत बाईने राहावे हा दंडक मनुस्मृतीत आहे आणि कन्फ्यूशिअन धर्मग्रंथांतही आहे. प्रत्येकाने आपल्या जागी राहून आपला विधी पाळला की समाजात सुसंवाद नांदतो, ही त्या विचाराची गाभ्याची कल्पना. जागा कोणी ठरवली, हा प्रश्न सुसंवादात बसत नाही.

तरी हे हुबेहूब आपलेच आहे असे म्हणण्याची घाई नको. या बाईचा विटाळ तिच्या आयुष्यातून आला आहे, तो जन्माने आलेला नाही. चीनमध्ये राजकीय परीक्षा बहुसंख्य सामान्य पुरुषांना खुली होती, ही गोष्ट लहान नव्हे. पण 'हीन' म्हणून नोंदलेल्या घराण्यांना ती बंद होती, हेही तितकेच खरे.

कथेतला निवेदक मला फार अस्वस्थ करतो. शहरात शिकलेला, नव्या विचारांचा हा माणूस. भिकारीण झालेली ती त्याला गाठते आणि विचारते, मेल्यावर आत्मा उरतो का? तू शिकलेला आहेस, तुला माहीत असेल. तो चाचरतो, नक्की सांगता येत नाही म्हणतो आणि सटकतो. लू शुन स्वतः शाओशिंगच्या अधिकारी घराण्यातला. स्वतःच्या वर्गाचा हा पळपुटेपणा त्याने झाकला नाही. त्याची मर्यादाही इथेच आहे. ती बाई आपल्याला बाहेरूनच दिसते. पोर गेल्याची एकच हकिगत ती पुन्हा पुन्हा सांगते आणि गाव तिची टर उडवते. तिने स्वतः लिहिले असते तर कथा वेगळी झाली असती, हे दलित आत्मकथने वाचलेल्याला सांगावे लागत नाही.

१९५६ साली या कथेवर चित्रपट निघाला. पटकथाकार शिया येन यांनी त्यात एक प्रसंग घातला. ती सुरी घेऊन देवळात जाते आणि आपणच दिलेला उंबरठा तोडते. त्यावर बराच वाद झाला. पडद्यावर पाहताना हात शिवशिवतील, तरी मला तो विद्रोह उसना वाटतो. क्रांती झाल्यावर तो तिच्या हातात ठेवलेला आहे. लू शुनच्या बाईजवळ सोबतीण नव्हती, संघटना नव्हती. तिला भय घालणारीही मोलकरीणच होती.

जिथे सोबत मिळाली तिथे काय झाले ते कोरियात दिसते. चोसन घराण्याचे राज्य कन्फ्यूशिअन नीतीवर उभे होते. त्यात बेकजोंग, म्हणजे खाटीक आणि कातड्याचे काम करणारे, जन्माने हीन. त्यांची वस्ती वेगळी, पेहराव ठरलेला. १८९४ च्या सुधारणांत हा भेद कायद्याने रद्द झाला, पण शाळेची दारे बंदच राहिली. १९२३ साली चिंजू गावात त्यांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना उभारली. मुलांना शाळेत घेत नाहीत ही तिच्यामागची मोठी ठिणगी होती. नावाचा अर्थ समतोल तराजू. खाटकाच्या दुकानातलीच वस्तू त्यांनी समतेची खूण केली! लगेच गावकऱ्यांनी त्यांच्याकडचे मांस घेणे बंद केले. १९२५ साली येचन गावात त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोरांत गरीब शेतकरी आणि मजूर होते, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी कन्फ्यूशिअसचे एखादे पान वाचले असेल.